ढोलकीवर रंगवलेली पट्टी

"परत वाजव राव, रंगाला ऐकू गेलं नाही."

असं म्हणून तो ब्रश कानामागे खोचायचा आणि डोळे मिटून बसायचा. कानामागचे केस कधी हिरवे, कधी पिवळे. चाकणच्या कंपनीत तो पेंटशॉपमध्ये होता, मी असेंब्ली लाइनवर. पेंटर तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील, पण गुरुवारच्या सुट्टीत सिनेमा रंगवणारा पाहिला नसेल.

चिखलीत एका वर्कशॉपशेजारी त्याची खोली. भंगारातून सिनेमाची जुनी रिळं आणायची, त्यावरची चित्रं धुऊन टाकायची आणि कोऱ्या पट्टीवर, नखाएवढ्या एकेका चौकटीत, हाताने ठिपके, रेघा, फराटे काढायचे, हा त्याचा उद्योग. माणूस नाही, झाड नाही, गोष्ट नाही. "मग बघायचं काय?" माझ्या बायकोने विचारलं, तर म्हणाला, "वहिनी, ह्याची ढोलकी बघायची."

कारण ते सगळं माझ्या ढोलकीवर चालायचं. मी वाजवायचो, तो मोबाइलवर रेकॉर्ड करायचा आणि मग थाप मोजून रंगवायचा. जड थापेला निळा गोळा फुगायचा, बोटांच्या टकटकीला पिवळ्या ठिणग्या उडायच्या.

एकदा शेजारच्या वर्कशॉपमधला पत्रा दाबायचा प्रेस धाडकन आदळला आणि माझी थाप हुकली. मी म्हटलं, पुन्हा घेऊ.

"राहू दे राव. दचकलास ते खरंय. तिथं मी काळं भरतो."

चुकीचाही मान ठेवणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही. "तुझ्या हाताशिवाय हे चित्र हलायचं नाही," असंही म्हणायचा, आणि मी विरघळायचो. दोन वर्षं माझ्या सुट्ट्या त्या खोलीत गेल्या.

शेवटी वाकडच्या एका सभागृहात सिनेमा लागला. मी बायकोला नेलं, लाइनवरचे चौघे नेले. "आता ऐका," म्हटलं. अंधार झाला, निळा गोळा फुगला आणि कीबोर्डचा लांबलचक सूर सुरू झाला. बायको कानात म्हणाली, "अहो, तुमची ढोलकी कधी येणार?" ती शेवटपर्यंत आली नाही. पठ्ठ्याने ताकास तूर लागू दिली नव्हती.

बाहेर त्याला गाठलं. त्याचा हात कानामागे गेला. तिथं ब्रश नव्हता.

"इथल्या लोकांना ढोलकी म्हटलं की वरात आठवते राव. समजून घे."

मी समजून घेतलं नाही, अजूनही घेत नाही. माझं वाजवणं आवडलं नाही म्हणाला असता, तर एक वेळ गिळलं असतं. त्याला माझी लाज वाटली.

महिन्याभरात त्याने कंपनी सोडली, खोलीही सोडली. मला सांगितलं नाही.

परवा कुणीतरी तो सिनेमा मोबाइलवर पाठवला. मी आवाज बंद केला आणि ढोलकी मांडीवर घेतली. थाप न थाप जुळली. गोळे, ठिणग्या, सगळं माझ्या बोटांवर नाचू लागलं. मग ते काळं आलं. माझं दचकणं तेवढं त्याने जपून ठेवलं होतं. माझा हात तिथंच थांबला.

पुढचं चित्र माझ्या हाताशिवाय हलत राहिलं.