पाठीवरचं पीठ

गिरणीवाल्या मावशींना राजकारणातलं ओ की ठो कळत नसे, आणि तरी गावात नगरपालिकेच्या निवडणुकीची सगळ्यांत जास्त वाट कोण बघत असेल, तर त्याच. उमेदवार तरी काय वाट बघतील! त्यांना निवडून यायचं असतं, मावशींना नुसतं रांगेत उभं राहायचं असे. कारण त्या रांगेत त्यांच्या मागे त्यांची धाकटी बहीण उभी राहायची.

एवढंसं गाव, त्यात दोन सख्ख्या बहिणी, मग भेटायला निवडणूक कशाला लागते, असं कुणी परगावचा विचारील. गावातलं माणूस विचारणार नाही, गावाला सगळं तोंडपाठ आहे. फार वर्षांपूर्वी एकाच वॉर्डातून दोघींचे नवरे नगरसेवकपदाला उभे राहिले. सुट्टीच्या दिवशी एकत्र पत्ते कुटणारे साडू, पण निवडणूक अंगात आली की माणूस साडू ओळखत नाही. मावशींचा नवरा पडला. पडला तो पडला, वर धाकटीच्या नवऱ्याची मिरवणूक नेमकी गिरणीसमोर थांबली आणि कुणा दिवट्याने फटाक्यांची माळ दारातच पेटवली. दळणाची पोती काळी झाली. धाकटी मिरवणुकीत नव्हतीसुद्धा. कळल्याबरोबर ती धावत आली, आणि मावशींनी तिला दारातूनच सुनावलं, "या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस."

रागाच्या भरात माणूस असं बोलून जातं. समोरच्याने ते मनावर घ्यायचं नसतं, चार दिवस जाऊ देऊन यायचं असतं. पण धाकटीची एक खोड होती. सांगितलं की ऐकायचं. लहानपणी आई बाजारात तिला "इथं बस" म्हणून सांगून जायची, तर डोक्यावर ऊन आलं तरी पोरगी जागची हलायची नाही. ताईने पाऊल टाकू नको म्हटलं, हिने टाकलं नाही. मावशींचा नवरा वारला तेव्हा ती आली, रस्त्यावरच उभी राहिली, रडली, आणि उंबऱ्याशी न येता परत गेली. मावशी आतून बघत होत्या. नुसतं "ये" म्हटलं असतं तरी भागलं असतं. शब्द अगदी ओठांवर आला होता, पण आजूबाजूला माणसं होती आणि मावशी भारी मानी. पुढे कित्येक दुपारी त्यांना तो राहिलेला "ये" आठवायचा. गिरणी चालू असताना त्या तो मोठ्याने म्हणायच्याही. त्या घरघरीत कुणाला ऐकू जायची भीती नव्हती.

धाकटीच्या घरचं दळण गिरणीत येई, पण मोलकरणीच्या हाती. डबा कुणाचा ते मावशींना विचारावं लागत नसे. तो पत्र्याचा डबा त्यांच्या माहेरचा, एका अंगाला पोचा पडलेला. पोचा दोघींच्या भांडणात पडला होता आणि मार मात्र एकट्या मावशींनी खाल्ला होता. तो डबा आला की मावशी बाकीच्यांची दळणं बाजूला सारत. लोक कुरकुरत, मावशी ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि गिरणीचं चाक किंचित सैल करत, कारण धाकटीला पीठ जाडसर लागतं.

"तुमच्या वहिनी काही म्हणाल्या का गं?" डबा परत देताना त्या सहज विचारल्यासारखं विचारत.

"पीठ चांगलं होतं म्हणाल्या," मोलकरीण म्हणे. तेवढ्यावर मावशींचा आठवडा निघे.

मोठ्या निवडणुकांना धाकटी सकाळीच नवऱ्याच्या गाडीतून येऊन मत टाकून जायची. नगरपालिकेच्या वेळी मात्र नवरा स्वतःच उमेदवार, तो दिवसभर पायाला भिंगरी लावून हिंडायचा आणि बायको मोकळी. मग ती दुपारचं सगळं आवरून एकटी, पायी शाळेत यायची. मावशीही त्याच वेळी. ठरलेलं असं काही नव्हतं. मावशी आधी रांगेत लागायच्या, थोड्या वेळाने मागे कुणीतरी येऊन उभं राहायचं, आणि मान न वळवता त्यांना कळायचं. धाकटीला श्वास घेताना नाकातून सूं सूं आवाज करायची सवय. लहानपणी एका पांघरुणात झोपताना मावशी त्याच आवाजावर चिडायच्या. आता तो मागून आला की त्या पुढे सरकायचंच विसरायच्या आणि बाया ओरडायच्या, "अहो मावशी, चला की पुढं!"

गेल्या निवडणुकीत तर नवल झालं. मावशी गिरणीतून तशाच आल्या होत्या. रांगेत मागून एक हात आला आणि त्यांच्या पाठीवरचं पीठ झटकू लागला. सावकाश, खांद्यापासून खाली, शाळेत पाठवताना आई झटकायची तसं. शब्द एक नाही. मावशींचे डोळे असे भरून आले की आत गेल्यावर समोरची चिन्हंच दिसेनात. मत कुणाला गेलं देव जाणे, कदाचित धाकटीच्या नवऱ्यालाच गेलं असेल. पण त्या हातासाठी त्या पुढची निवडणूक येईपर्यंत झुरल्या. पाठ कधी कधी आपोआप ताठ व्हायची, कुणी झटकणार असल्यासारखी.

आणि यंदा वॉर्डांची फेररचना झाली. कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली, ती बरोबर बाजाररस्त्यावरून गेली. धाकटीचं घर जुन्याच वॉर्डात, जुन्या शाळेत राहिलं. गिरणीकडच्या लोकांचं मतदान गुरांच्या दवाखान्यात गेलं.

"इतकी वर्षं आपल्याला हाकत नेऊन मतं घेतली, आता निदान जागा तरी शोभेशी दिली," गिरणीत कुणी म्हणालं. सगळे हसले. मावशींना हसू आलं नाही.

जन्मात पहिल्यांदा त्या नगरपालिकेत हरकत नोंदवायला गेल्या.

"काय हरकत आहे तुमची?" कारकुनाने विचारलं.

"मला शाळेतच मत द्यायचंय."

"कारण?"

मावशींनी कारण शोधलं. "शाळेत सावली आहे."

"दवाखान्यातही आहे. मोठं झाड आहे की."

"तिथं गुरांचा वास येतो."

"त्या दिवशी गुरं नसतात मावशी, माणसंच असतात."

"माझे मालक शाळेच्या वॉर्डातून उभे राहिले होते."

"पडले होते ना?" कारकून बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

माझी बहीण माझ्या मागे उभी राहते, हे साठी उलटलेल्या बाईने सरकारी टेबलापुढे सांगायचं कसं? हे नियमात बसत नाही, असं कारकुनाने समजुतीच्या सुरात सांगितलं. त्या मान डोलावून घरी आल्या.

मतदानाच्या दिवशी दुपारी त्यांनी गिरणी बंद केली. पिठाच्या पोत्याला पाठ टेकवली, जरा घासूनही घेतली. मग दवाखान्याकडे न जाता सरळ शाळेकडे वळल्या. चूक झाली म्हणायचं, असं त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. म्हातारपणाचा तेवढा तरी फायदा.

मागे एक बाई येऊन उभी राहिली. सूं सूं नाही. दुसरी आली, तीही नाही. "तुम्ही व्हा पुढं," म्हणत मावशी एकेकीला पुढे सोडू लागल्या, आणि सोडता सोडता रांगच संपली.

"आजी, तुमचं नाव इथं नाही," टेबलावरच्या अधिकारीबाई म्हणाल्या. "तुम्ही गुरांच्या दवाखान्यात जा."

"अगं बाई! हो का?" मावशी म्हणाल्या. नाटक त्यांना मुळीच जमलं नाही. दारातल्या शिपायाला त्यांनी हळूच विचारलं, "नगरसेवकांच्या घरच्या वहिनी येऊन गेल्या का रे?"

"नाही ना! साहेबसुद्धा मघाशी विचारून गेले."

मावशी शाळेच्या नळापाशी बसून राहिल्या. भिंतीवरचं ऊन वर सरकत गेलं. आजारी असेल का? की ताई रांगेत नसणार म्हणून तिला यावंसंच वाटलं नसेल? की तसं काही नव्हतंच मुळी? पीठ दिसलं म्हणून झटकलं, कुणाच्याही पाठीवरचं झटकलं असतं? हे शेवटचं त्यांना सोसवेना. त्या उठल्या. नवऱ्याने कधी मत चुकवलं नव्हतं, तेवढ्यासाठी पाय ओढत दवाखान्याकडे निघाल्या.

दवाखान्याच्या फाटकात पोलीसबाई उभी होती. "चला आजी, लवकर, बंद व्हायची वेळ झाली," ती म्हणाली. "आज काय चाललंय तेच कळत नाही. एक बाई दुपारपासून आल्यात. नाव त्यांचं शाळेत, आणि म्हणतात, माझी ताई इथं येणार. म्हटलं, रांगेत गर्दी करू नका, तिथं बसा. तर बसल्यात त्या तशाच. पाणी प्यायलासुद्धा उठल्या नाहीत."

सुई टोचताना गुरांना अडकवतात त्या लोखंडी खोड्याशेजारी एक बाक होता. पाय जुळवून, हात मांडीवर ठेवून धाकटी तिथे बसली होती, आईने बाजारात बसवून ठेवल्यासारखी. तिचे केस पार पांढरे झाले होते. रांगेत मान न वळवणाऱ्या मावशींना ते कधी दिसलेच नव्हते.

मावशींना एकच गोष्ट येत होती, ती त्यांनी केली. त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने मागून सूं सूं आलं. मग पाठीवर हात आला.

"अहो बाई, तुमचं नाव इथं नाही म्हणून सांगितलं ना?" पोलीसबाई पुढे आली.

"राहू द्या तिला," मावशी म्हणाल्या. "ती माझ्या मागंच उभी असते." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या रांगेत मागे वळल्या. "चिमणे, तुझं मत?"

"आता कुठलं? शाळा बंद झाली असेल."

"आणि नवरा पडला तर?"

"पडू दे. तुझा नाही का पडला?"

मावशींना हसू फुटलं आणि त्याच्यातच रडू. धाकटी पीठ झटकत होती, ते संपत नव्हतं. "केवढं हे पीठ, ताई! मुद्दाम लावून आलीस?"

"हो," मावशी म्हणाल्या. "आता घरी चल."

धाकटीचा हात थांबला. "तू नको म्हणाली होतीस."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, ताईने सांगितलेलं ती पाळत होती, एवढंच. रांगेतल्या बाया बघत होत्या, पोलीसबाई बघत होती, आणि गिरणीची घरघर तर इथे नव्हतीच. मावशी मोठ्याने म्हणाल्या, "ये."