सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

कळव्याच्या कोळीवाड्यात मालन नाखवाच्या घराचं मागचं दार दिवेलागणीला बंद व्हायचं ते सकाळपर्यंत उघडत नसे. खाडी त्या दाराच्या पायरीला लागून होती. बापाची जुनी होडी तिथेच बांधलेली. भरती चढली की होडी हलायची आणि पायरीवर आपटायची. ठक, ठक. ती होडीच होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी मालनची आई केशरबाई दर भरतीला दाराकडे तोंड करून बोलायची, "आता कशाला आलास? तवा घर नाय आठवलं?" मग कडी नीट बसली आहे का ते चाचपून बघायची.

बाई भ्रमिष्ट होती असं कुणी समजू नये. मासळीबाजारात तिच्याशी घासाघीस करायची भल्याभल्यांची छाती नव्हती. एवढ्या एका बाबतीत मात्र तिचं डोकं फिरायचं, आणि त्याला कारणही तसंच होतं.

खाडीतली मासळी आटली तेव्हा तिचा नवरा धाकू जवळच्या एका रंगाच्या कारखान्यात लागला होता. ऐंशीच्या आसपास एका सकाळी तो तिथल्या टाकीत मेलेला सापडला. कारखान्याने चौकशी केली आणि ठरवलं की धाकू सुटी झाल्यावर बाहेर पडला होता, नंतर कुणाला न विचारता परत आत शिरला. पुरावा कसला, तर गेटवरच्या बोर्डाचा. दोन बोर्ड होते, एकावर 'आत', दुसऱ्यावर 'बाहेर'. प्रत्येक कामगाराचा नंबर घातलेला पितळी बिल्ला असे. आत येताना तो 'आत'च्या खिळ्यावर लावायचा, जाताना 'बाहेर'च्या. धाकूचा सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला 'बाहेर' होता. पितळ खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, असा साहेब लोकांचा हिशोब.

त्या दिवशी सकाळी नवराबायकोचं भांडण झालं होतं. केशरबाईने मनाशी पक्कं धरलं, माझं तोंड बघायला नको म्हणून बाहेर आलेला माणूस घरी यायचं सोडून परत आत गेला. या एका विचाराने तिला आतून पोखरलं.

मालन मॅट्रिक झाल्यावर तिला बापाच्या जागी कारखान्याने टाइम ऑफिसात घेतलं. ब्याण्णव साली नवे मॅनेजर सबनीस आले. त्यांना गेटवर कार्डाचं मशीन आणि मागे कॉम्प्युटर बसवायचा होता. पण माणूस घाईचा नव्हता.

"मालनबाई," ते म्हणाले, "नवीन आणण्याआधी जुनं कसं चालतं ते मला कळलं पाहिजे. नियमात काय लिहिलंय ते मी वाचलंय. प्रत्यक्ष काय घडतं ते तुम्ही गेटवर उभं राहून बघा आणि लिहा."

मालन गेटवर उभी राहू लागली. रोजचीच जागा, पण मुद्दाम बघायला लागलं की रोजचंही परकं वाटतं. सत्तेचाळीसचा बिल्ला अजून 'बाहेर' लटकत होता. तो नंबर घ्यायला कुणी तयार नव्हतं आणि बिल्ला काढायला कुणाचा हात धजत नव्हता. मोरूकाका, तिच्या बापाचा जिवाभावाचा मित्र, रोज जाताना त्याला बोट लावून जायचा. धाकूमागे याच मोरूने मालनच्या घराला आधार दिला होता. त्याच्या त्या बोट लावण्याने तिला नेहमी भरून यायचं.

एके दिवशी सुटीच्या वेळी वाड्यातलाच दौलत आला आणि त्याने एका हाताने दोन बिल्ले 'बाहेर' लावले.

"दुसरा कोणाचा रे?"

"माझ्या भावाचा. भरतीये ना, खाडीत जाळ्यावर गेलाय तो मघाशीच, मागच्या गेटने." दौलत हसला. "लिहू नको हां. आपल्या लोकांचं हे पहिल्यापासून आहे. मोरूकाका नि तुझे बाबाच करायचे असं."

मालनने ते लिहिलं नाही, पण तिला ते विसरताही येईना.

दुसऱ्या दिवशी तिने वॉचमन जगनला विचारलं, गेट बंद करताना तू काय काय बघतोस? जगन कोपर गावाहून यायचा. मनाने सरळ, बोलण्यात फटकळ.

"बोर्ड बघतो, ताई. 'आत'वर बिल्ला असला तर माणूस शोधायचा. नसला तर कुलूप. मग आतून कसला पण आवाज येऊ दे, पाईप वाजतात असं समजायचं. मागे एकदा कोणतरी ठोकल्यासारखा आवाज आलेला, खूप वेळ. मी दोनदा बोर्ड बघून आलेलो, सगळे बाहेर..."

आणि तो थांबला. आपण कुणाच्या मुलीशी बोलतोय हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने टोपी काढली, परत घातली आणि पाणी प्यायला निघून गेला. मालनला मात्र त्या दिवसापासून ठोके ऐकू यायला लागले. टाइपरायटरवर, जेवणाच्या डब्यावर, घरी भरतीला. ठक, ठक.

तपासणीत शेवटची एक गोष्ट उरली होती. बिल्ला खरंच 'आत' राहिला, तर कुणी शोधतं का? हे बघायचं तर कुणाचा तरी बिल्ला मुद्दाम 'आत' ठेवायला हवा. ज्याचा धनीच नाही तो घेतला तर कुणाची कुरकुर नको, असा तिने विचार केला. निदान स्वतःला तरी तिने तसंच सांगितलं. जगनला कल्पना देऊन, सुटीचा भोंगा व्हायच्या जरा आधी तिने सत्तेचाळीसचा बिल्ला 'आत'च्या खिळ्यावर लावला.

माणसं आपापले बिल्ले 'आत'वरून 'बाहेर' फिरवून निघून गेली. कुणी बोर्डाकडे नजर वर करून पाहिलं नाही. शेवटी मोरूकाका आला. 'बाहेर'च्या बोर्डावर सवयीने बोट नेलं, तर खिळा मोकळा. त्याने 'आत'कडे पाहिलं.

ही चेष्टा कुणी केली, असं त्याने विचारलं नाही. तो उलटा फिरला आणि धावत आत गेला. एवढं वय झालेला माणूस, गुडघे धरलेले, पण धावला. मालन मागोमाग गेली. त्या टाकीच्या झाकणावर तो दोन्ही हातांनी थापा मारत होता.

"धाकू! अरे हायस का रे आत? आवाज दे! मी आलो रे, आलो!"

मालनने त्याला धरलं. तिच्याकडे पाहून तो खाली बसला.

"मीच फिरवलेला पोरी, त्याचा बिल्ला. भरती होती. तो टाकी धुवायला उतरलाय हे मला ठाऊक नव्हतं, वाटलं जाळ्यावर गेला पुढं. जाळ्यावर नव्हता, तर वाटलं घरी गेला असंल. सकाळी त्याला हितनं बाहेर काढला... पहिल्यांदा नोकरीच्या भयानं गप राहिलो. मग तुझ्या आयचं तोंड बघून बोलवंना." मग म्हणाला, "रोज वाटतं, बिल्ला 'आत' असता तर जगनने दार उघडलं असतं."

मालनला त्याचा राग आला, भयंकर आला. आणि त्याच वेळी त्याचे ते लाल झालेले तळहात तिला बघवेनात.

सबनीसांना तिने सगळं लिहून दिलं. एकाचा बिल्ला दुसरा फिरवतो, तेव्हा उद्या एकाचं कार्डही दुसरा फिरवेल. म्हणून मशीन काहीही सांगो, कुलूप लावण्याआधी माणसाने आत जाऊन हाका मारल्याच पाहिजेत. आणि धाकू नाखवा बाहेर पडल्याचा जुना निष्कर्ष चुकीचा आहे. मोरूने स्वतःचं नाव आग्रहाने घालायला लावलं.

पण त्याआधी, त्याच संध्याकाळी, ती घरी आली. मोरूकाका बरोबर होता, पण त्याला पुढची पायरी चढवेना. तो अंगणातच उभा राहिला. मालनने आईला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं.

शेवटी केशरबाईने एवढंच विचारलं, "म्हंजे तो भायेर आलाच नव्हता?"

"नाही आये."

"ठोकत व्हता?"

मागे भरती चढली होती. होडी पायरीला लागली. ठक, ठक. केशरबाई उठली. दिवे लागून गेले होते, तरी तिने मागच्या दाराची कडी काढली. कडी तिनेच घट्ट बसवलेली, दोन्ही हातांनी ओढावी लागली. दार सताड उघडून ती बाजूला झाली, जसं कुणाला आत यायला वाट द्यावी तसं.

"ये," ती काळोखाकडे बघून म्हणाली. "मना ठावं नव्हतं रे. ये घरात."

मग डोळे पुसून, मागे न वळता मालनला म्हणाली,

"मोरूला पण बोलव आत. जाळ्यावरनं दोघं बरोबरच यायचे."