टायरच्या आतल्या बाजूला

स्वतः गाडी चालवत मी सुरतेहून धुळ्याला पहिल्यांदाच निघाले होते, मावसबहिणीच्या हळदीला. सोबत आई, आबा म्हणजे माझे वडील, आणि माझी दोन पोरं. दुपारच्या आत पोचायचं होतं, वाटेत कोंडाईबारीचा घाट होता, आणि त्याचीच धास्ती होती. माझं एक आहे, भीती वाटली की मी भांडते.

उधन्याला पंक्चरवाल्याकडे हवा बघून घेतली. चारही चाकांत बत्तीस. ऑइल, पाणी, लाइट सगळं तपासून झालं होतं. मी चावी लावणार, तर आबा केव्हाच खाली उतरलेले! एकेका टायरवर सावकाश हात फिरवत होते.

आबांनी तीस वर्षं लूमवर काढली. त्या खडखडाटात कान गेले, पण तुटलेला धागा तळहाताने शोधायची सवय राहिली. अजूनही दुकानात कापड दिसलं की डोळ्यांआधी हात जातो. पण टायर म्हणजे काय लुगडं आहे? मीही उतरले आणि बॉनेटपाशी उभी राहून आईवर डाफरले, "पुढच्या वेळी यांना घरीच ठेवू. गाडीतलं काय कळतं यांना? उगाच खोळंबा!"

त्यांना थोडंच ऐकू येणार होतं, म्हणून बिनधास्त बोलले. आबा माझ्याकडेच बघत होते. ते गुडघ्यांवर बसले आणि पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला त्यांनी हात घातला.

"आठे हात ठेव," तिथंच बोट दाखवत म्हणाले.

ठेवला. लिंबाएवढा फुगा लागला हाताला. पंक्चरवाल्याने वाकून बॅटरी मारली आणि मान हलवली. "बेन, आ टायर नहि चाले. घाटमां फाटी जशे."

पंधरा दिवसांपूर्वी, खोदलेल्या रस्त्यावर, मी एक खड्डा दणकून घेतला होता आणि घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. मागच्या सीटवर पोरं वेफर्सवरून भांडत होती. त्यांच्याकडे बघून मला दरदरून घाम फुटला.

स्टेपनी चढवली, तिच्यातही हवा भरून घेतली. घाट सुखरूप पार झाला आणि आम्ही चहाला थांबलो. बशीत चहा ओतता ओतता आबा गालात हसले.

"मंग, पुढला येळे माले घरच ठेवशी ना?"

मी आईकडे बघितलं. "यांना कसं कळलं?"

"अगं, लूमवर कुणाला काय ऐकू येतं? सगळे ओठ बघूनच ओळखतात. मी कधी ओरडून बोलते का त्यांच्याशी?"

खरंच की. आई कधीच ओरडत नाही. ओरडते ती मी, एवढी वर्षं.

मला रडूच फुटलं. पोरं सुखरूप होती, समोर हुंदडत होती, ती आबांमुळे. बॉनेटपाशी मी जे जे बोलले ते सगळं त्यांना कळलं होतं. आणि त्यानंतर ते गुडघ्यांवर बसले होते.