उजव्या हाताला देवी, समोरून रिक्षा

आमच्या घरात नवस मी बोलायचा आणि तो फेडायची वेळ आली की बाकीच्यांनी घाबरायचं, अशी पद्धतच पडलीय. आता हाच घ्या ना! वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी स्कूटर शिकले आणि आमच्या डोंबिवलीच्या देवीला म्हटलं, "आई, लायसन्स पहिल्या फटक्यात मिळू दे, स्कूटरवरून तुला अकरा प्रदक्षिणा घालीन."

मिळालं हो! ह्यांनी चावी दिली, पण अट घालून. "गाडी माझ्या नावावर आहे. एक जरी दंड आला, तर चावी परत माझ्या खिशात."

"दंड? मला?" परीक्षेत सगळी उत्तरं बरोबर आली होती माझी!

शुक्रवारी सकाळी हेल्मेट घालून निघाले. देवळाच्या कोपऱ्यावर फुलवाल्या मावशींनी खांबाला हार टांगले होते. त्यातला एक घेऊन स्कूटरला घातला, देवी उजव्या हाताला ठेवली आणि सुरू!

प्रदक्षिणा अशीच घालतात ना? पण त्या दिवशी लोकांना काय झालं होतं कोण जाणे! रिक्षा, टेम्पो, शाळेची व्हॅन, सगळे समोरून माझ्या अंगावर. देवीला डावीकडे टाकून!

एका रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला. "ओ मावशी, कुठून येताय?"

"घरून!"

"अहो, उलट्या येताय!"

"मी नाही रे बाबा, तुम्ही उलटे चाललाय. देवीला कधी डावीकडे ठेवतात का?"

तो देवळाकडे बघतच राहिला. मला वाटलं, पटलं बिचाऱ्याला!

तिसऱ्या फेरीला ट्रॅफिक पोलीस दिसले. हातातलं यंत्र माझ्यावर रोखलेलं. अगं बाई, फोटो काढतायत! एवढी भक्ती आजकाल कुठे बघायला मिळते? मी हसून हात जोडले. दोन्ही! चालत्या स्कूटरवर! गाडी झुलली, आईनेच सावरली.

मग पर्समधला फोन वाजायला लागला. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मी घेतला नाही. गाडी चालवताना मोबाईल घेणं गुन्हा आहे, मला नाही का माहीत?

सहावी फेरी संपता संपता पोलीसदादा आडवेच आले. "काकू, थांबा आता!"

"दादा, पाचच राहिल्यात."

"तीन फोटो झालेत माझ्याकडे! वन-वेमध्ये उलट्या शिरलात, वर हँडल सोडलंत. नुसता दंड नाही, असंच चाललं तर लायसन्स निलंबित होतं. कुणाला धडकला असतात तर कोर्टाची पायरी!"

"पण पाटी कुठेय?"

त्यांनी बोट दाखवलं. मावशींच्या खांबावर, हारांच्या मागे, प्रवेश बंदची लाल पाटी. मी हार काढला होता, बरोबर तेवढ्याच फटीतून ती डोकावत होती.

त्या व्हॅनमधली पोरं आठवली आणि मी पटकन स्कूटरवरून उतरलेच.

"उरलेल्या पायी घाला," दादा हळूच म्हणाले. "देवी तीच आणि चलानही नाही."

स्कूटर त्यांनीच बाजूला लावून दिली. पायी पाचवी फेरी पुरी करून येते, तर समोर हे रिक्षातून उतरतायत, हातात मोबाईल. दंडाचे मेसेज गाडीच्या मालकालाच जातात हो! मी चावी पुढे केली.

ह्यांनी मोबाईलमधला फोटो पाहिला. मग मला पाहिलं. "लग्नाच्या फोटोतसुद्धा अशी हसली नव्हतीस."

"अहो, मी..."

"असू दे. चल, तूच चालव. मी मागे बसून पाट्या वाचतो." चावी परत माझ्या मुठीत!

डोळेच भरून आले. या वेळी नीट, सगळ्यांच्या बरोबरीने निघाले. कोपऱ्यावर आलो, तर दादांनी पुन्हा यंत्र उचललं. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं! परीक्षेतलं माझं तोंडपाठ उत्तर. आणि हे आलेले रिक्षाने, मोकळ्या डोक्याने.

या वेळी हात मी नाही जोडले. ह्यांनी जोडले.

म्हणून सांगते बायांनो, नवस बोला, स्कूटर शिका, आई देतेच. प्रदक्षिणा तेवढ्या पायी घाला आणि माझ्यासारखं दुसरं हेल्मेट आजच आणा. त्याची पूजाही करा. फक्त कुंकू काचेवर लावू नका. मी लावलं होतं, ह्यांना पाट्याच दिसेनात!