खंड्याचा फोटो

शाळेमागच्या ओढ्यावर मी आठवीच्या मुलांना निसर्गाचे फोटो काढायला शिकवत होते. ऊन कुठून येतंय ते आधी बघायचं, पाखरू बिचकणार नाही असं थांबायचं, एवढं सांगून होतंय तोच विजेच्या तारेखाली मेलेला खंड्या दिसला. पंखांचा निळा रंग अजून तसाच होता.

"मेलेल्याचा कशाला काढायचा?" म्हणत मुलं पुढे गेली. रेवती मात्र तिथेच गुडघ्यांवर बसली. तिचे वडील गेल्या वर्षी वारले होते.

"पप्पांचा एकही धड फोटो नव्हता, बाई," कॅमेऱ्यावरून नजर न काढता ती म्हणाली. "आधारकार्डावरचाच मोठा करून हार घातलाय. त्यात ते पप्पा वाटतच नाहीत."

सुंदर काय ते शोधायला मी शिकवत आले. गेलेल्याकडेही इतक्या मायेनं बघायचं असतं, हे कुठल्या तासाला शिकवतात?

"बाई, जरा सरका ना. तुमची सावली पडतेय त्याच्यावर."

मी मागे सरले. परत येऊन भोवती उभी राहिलेली मुलंही न सांगता मागे सरली, आणि खंड्यावर ऊन पडलं.