चिंचेनं उजळणारा अंगठा

सहा वेळा मायनं अंगठा ठेवला. सहाही वेळा मशीनवर लाल उजेड आला.

"हिच्या अंगठ्यात काय राहिलंच न्हाय," दादा म्हणाला. "माणसाचा हाय का धोंड्याचा?"

अंगणात बसलेल्या बायका हसल्या. मायही हसली. दादाचं बोलणं मी एखादे वेळी विसरेन. मायचं ते हसणं विसरता येत नाही.

दादानं ओल्या फडक्यानं मशीन पुसलं. ओढ्याच्या अलीकडच्या बायका अंगठा ठेवून गेल्या की तो पुसत नसे. पलीकडच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या बायकांनंतर पुसायचा. त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. मीही नाही.

मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. "काय बी.ए.? उभी काय राहिलीस? बस मायसंगं, चिंच फोड. दोघींनी फोडली तर लवकर उजळंल अंगठा."

आणि मी बसले.

आमचं गाव भूमपासून एसटीनं अर्ध्या तासावर आहे. दादा म्हणजे गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा. मायपेक्षा वयानं पुष्कळ लहान. तरी माय त्याला 'तुमी' म्हणते आणि तो मायला 'ए' म्हणतो. त्याच्या ओसरीवर बँकेचं छोटं केंद्र आहे. एक टेबल, एक लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि बिस्किटाचा पत्र्याचा एक मोठा डबा. त्या डब्यात वस्तीतल्या सगळ्या बायकांची पासबुकं. "तुमच्या घरात उंदरं खातील. माझ्याकडं राहू द्या," असं त्यानं सुरुवातीलाच सांगितलं होतं. बायकांनी दिली. उंदरं खरंच होती.

सरकार बायकांच्या खात्यात दर महिन्याला पैसे टाकायला लागलं आणि आमच्या गल्लीत पहिल्यांदाच बायका काय घ्यायचं ते बोलू लागल्या. शेजारच्या रुक्मिणकाकूनं चष्मा केला आणि तांदळातले खडे दिसायला लागले म्हणून आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरली. कुणी कोंबड्या घेतल्या. कुणी मुलीचा एसटीचा पास काढला.

मायनं न्हाणी बांधायला घेतली.

घरात आम्ही दोघीच. माझे वडील मी पाचवीत असताना वारले. आमच्या घरामागं उघडी जागा आहे आणि तिला लागून रस्ता. इतकी वर्षं माय उजाडायच्या आत अंघोळ उरकायची. मी मोठी झाल्यावर मीही. बाज उभी करायची, तिच्यावर लुगडं टाकायचं आणि एकीनं रस्त्याकडं तोंड करून उभं राहायचं. ट्रॅक्टरचा आवाज आला की अंगावर साबण असताना खाली बसायचं. परीक्षेच्या दिवशीसुद्धा मी अशीच खाली बसले आहे.

तेव्हा मशीन मायचा अंगठा कसाबसा घ्यायचं. पहिल्या पैशात विटा आल्या. मग सिमेंट, मग खालची फरशी. गल्लीतल्याच गवंड्यानं चार भिंती उभ्या करून दिल्या. राहिलं दार. भूमच्या वेल्डिंगवाल्याकडं मायनं पत्र्याचं दार पाहून ठेवलं होतं. तोवर तिथं पोतं लटकत होतं. वारा आला की पोतं उडायचं. माय म्हणायची, "भिंती झाल्यापासून जास्तच लाज वाटाया लागली. आधी काहीच नव्हतं तर मन मानायचं."

त्या दारासाठी आम्ही त्या दिवशी ओसरीवर गेलो होतो.

आता चिंचेचं सांगते. हे सांगायला मला सगळ्यात जड जातं.

त्या वर्षी दादानं गावोगावची चिंचेची झाडं मक्त्यानं घेतली होती. अंगणात चिंचेचे ढीग. ती फोडायला, शिरा काढायला, चिंचोके वेगळे करायला बाया लागतात आणि बायांना किलोवर मजुरी द्यावी लागते. आमच्या वस्तीतल्या बायकांचे अंगठे मशीनवर उठत नव्हते. भांडी घासून, खुरपून, ऊस तोडून बोटांवरच्या रेघा गेलेल्या. दादा म्हणाला, "तांब्याची घागर कशानं उजळते? चिंचेनं. मग अंगठा उजळंल का न्हाय? बसा, अर्धा दिवस चिंच फोडा, मग ठेवा अंगठा."

बायका बसल्या. पहिल्याच दिवशी एका म्हातारीचा सकाळी न उठलेला अंगठा दुपारी उठला. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. झालं. पैसे आले की सकाळी चिंच आणि दुपारी अंगठा, हा रिवाजच पडला. मजुरीचं कुणी विचारलं नाही. औषधाची मजुरी कोण मागतं?

आणि मी? मी पदवीधर. आमच्या घरात शाळेचं तोंड पाहिलेली मी पहिली. मलाही ते खरं वाटलं. मायनं घासलेली घागर मी लहानपणापासून पाहत आले होते. चिंचेचा कोळ लावला की काळी घागर लाल होते. मी घागरीवर विश्वास ठेवला. दादाला स्वतःला ते खोटं आहे हे ठाऊक होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. चिंच मात्र फुटत होती.

विश्वासाचं आणखी एक कारण होतं. उपकार. माझ्या कॉलेजचा फॉर्म दादानं भरला होता. त्याच्या वडिलांनी शब्द टाकला म्हणून फी हप्त्यानं भरता आली. मी पास झाले तेव्हा त्यांनीच ओसरीवर सत्कार केला. बॅनरवर माझा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि दादाचा हाताएवढा. मी भाषणात म्हणाले, "या घराचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही." टाळ्या पडल्या. माय खाली, चपलांच्या जागेजवळ बसून रडत होती.

म्हणून मी बसले. बी.ए.चा निकाल घेऊन चिंच फोडत बसले. संध्याकाळपर्यंत माझी नखं काळी झाली आणि मायच्या बोटांची सालं निघाली. अंगठा उठला नाही.

"उद्या ये," दादा म्हणाला. "उद्याबी चिंच हाय."

"बरं दादा," माय म्हणाली.

तिसऱ्या दिवशीही नाही उठला. चौथ्या दिवशी मला कॉलेजातून पदवीचा कागद आणायला भूमला जावं लागलं. परत येताना एसटीला वेळ होता. स्टँडजवळच बँक होती. त्या बँकेचं नाव मायच्या पासबुकावर आहे हे मला माहीत होतं, तरी मी इतके दिवस आत गेले नव्हते. आमच्यासाठी बँक म्हणजे दादाची ओसरी.

काउंटरवर एक बाई होत्या. मी विचारलं, "अंगठा उठत नसेल तर चिंच किती दिवस लावावी लागते?"

त्यांना कळलंच नाही. मी सगळं सांगितलं. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसल्या नाहीत.

"चिंचेनं होतं नव्हतं तेही जाईल," त्या म्हणाल्या. "सकाळी नेट नसलं तरी मशीन नाही म्हणतं. दुपारी घेतं. त्यात चिंचेचं काय? आणि अंगठा कशाला पाहिजे? आईंना सही येते?"

येत होती. मी चौथीत असताना पाटीवर शिकवली होती. माझ्या प्रगतिपुस्तकावर माय सही करायची. खातं उघडताना मात्र दादा म्हणाला होता, "सही कशाला, अंगठा बरा." म्हणून अंगठा.

"त्यांना घेऊन या, सहीचा नमुना नव्यानं देऊ. पासबुक आणा. स्लिप भरायची, सही करायची, पैसे घ्यायचे. एवढंच."

एवढंच. एसटीत बसून मी तो शब्द गावापर्यंत चावत आले.

गावात उतरले ती थेट ओसरीवर गेले. माय अंगणात चिंचेच्या ढिगापाशी होती. रुक्मिणकाकू होती. आणखी सात-आठ बायका होत्या.

"दादा, मायचं पासबुक द्या."

"कशाला?"

"भूमला जायचंय. बँकेत."

"का? ही बँक बाटली का?" बायका हसल्या.

"हितं अंगठा उठत न्हाय. तिथं सही चालती."

"कुणाची? हिची?" त्यानं मायकडं मान केली. "हिला चिंचोका आन पैसा वेगळा कळतोय का?"

या वेळी माय हसली नाही. हातातली चिंच तशीच धरून बसली.

"पासबुक द्या, दादा."

"कॉलेजचा फॉर्म कुणी भरला तुझा?"

"तुमी."

"फीसाठी शब्द कुणी टाकला?"

"तुमच्या वडिलांनी."

"मग?"

"मग पासबुक द्या."

मला धाडस वगैरे काही वाटत नव्हतं. मला फक्त पोतं दिसत होतं, वाऱ्यानं उडणारं.

त्यानं डबा उघडला. पासबुक शोधलं आणि टेबलावरून फेकलं. ते माझ्या पायाशी टरफलांत पडलं.

"उचल," तो म्हणाला.

मी वाकले नाही. वाकायचं नाही असं ठरवलं नव्हतं, पण पाठ वाकेना. तेवढ्यात माय उठली. मला वाटलं, ती आता त्याच्या पाया पडणार. ती आली, पासबुक उचललं, त्यावरची टरफलं पदरानं पुसली आणि कमरेला खोचलं. ढिगापाशी तिची अर्धी फोडलेली चिंच तशीच पडली होती. माय मागं वळली नाही.

"ह्यांना शिकवा," आमच्या पाठीमागून दादा म्हणाला. एवढंच ऐकू आलं.

सकाळच्या एसटीनं भूमला गेलो. बँकेत मायला सही करायला बराच वेळ लागला. पेन पाटीवरच्या पेन्सिलीसारखं दाबून धरलं होतं. रांगेतला एक जण म्हणाला, "आवरा की बाई." काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "लिहू द्या त्यांना." मायनं सही केली. ती कागदाच्या मागच्या बाजूनंही उमटली होती.

त्याच दिवशी दार घेतलं. टमटमला बांधून आणलं. गवंड्यानं संध्याकाळपर्यंत बसवलं. आतून कडी. दुसऱ्या दिवशी दहा वाजता, लख्ख उन्हात, माय न्हाणीत गेली आणि कडी लावली. बराच वेळ बाहेर आली नाही. पाण्याचा आवाजही येत नव्हता. मी हाक मारली.

"काय न्हाय," ती आतून म्हणाली. "बसलेय."

इथं थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण त्याच दुपारी दादाच्या घरून निरोप आला: उद्यापासून भांड्याला येऊ नको. एकवीस वर्षं माय त्या घरची भांडी घासत होती. तिच्या अंगठ्याच्या रेघा गेल्या त्या त्याच घरच्या राखेत गेल्या आणि त्याच घराच्या ओसरीवर तो अंगठा ओळखू येत नव्हता. हे मायला सुचलं नाही. मला सुचलं. सुचून काय उपयोग? आता ती पहाटे डबा बांधून दुसऱ्या गावच्या शिवारात खुरपायला जाते. तीन किलोमीटर जायचं, तीन किलोमीटर यायचं.

"दार आलं आन काम गेलं," ती एकदा जेवताना म्हणाली. "तुला गाव सोडून जाता येतंय. मला कुठं जायचंय?"

मी तिच्या ताटात भाकरी वाढली.

गल्लीतल्या बायका माझ्याशी तोडून बोलतात. दादा आता अर्धा दिवस नाही, पूर्ण दिवस बसवतो. रुक्मिणकाकू नळावर सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझी माय सुटली गं. तुमचा राग आमच्यावर निघतोय. हे शिकलीस व्हय कॉलेजात?" तिच्या बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. मी सहीचं सांगितलं. ती म्हणाली, "मला कुठं येतीय सही?" आणि घागर उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी मी माझी चौथीतली पाटी माळ्यावरून काढली. एका कोपऱ्यात फुटलेली आहे. ती घेऊन काकूच्या दारात गेले. तिनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी बसले. पंधरा दिवस रोज बसले. काल तिनं स्वतःचं नाव न बघता लिहिलं आणि लगेच पदरानं पुसून टाकलं, कुणी पाहील म्हणून.

गावात म्हणतात, मी उपकार विसरले. मी विसरलेले नाही. फॉर्म दादानं भरला हे खरं आहे आणि मी ते कुणापुढंही सांगेन. पण त्या फॉर्मच्या बदल्यात माझ्या मायनं हसावं, असं कुठंही लिहिलेलं नव्हतं.

मंगळवारी ओसरीवर पैशांसाठी बायका जमतील. मी जाणार आहे. चिंच फोडायला नाही. रुक्मिणकाकूचं पासबुक मागायला. तो टरफलांत फेकील. या वेळी मी म्हणणार आहे, "हातात द्या." आणि हातात देईपर्यंत तिथून हलणार नाही. मग दुसरीचं. मग तिसरीचं. डबा रिकामा होईपर्यंत दर महिन्याला.

तो सगळ्यांसमोर विचारील, "उपकार फिटले का गं तुझे?"

मी म्हणणार आहे, "व्हय. फिटले."