मानकोबाईंना कळलेलं अकरावं कलम

२० एप्रिल. बरेच दिवस इथे फिरकले नाही, माफ करा. आज मात्र लिहायलाच हवं.

धानोऱ्याजवळच्या एका गावात विडीच्या तेंदूपानाच्या कराराची ग्रामसभा होती. गावकरी पानांचे पुडे बांधून फळीवर, म्हणजे मोजणी-वाळवणीच्या मोकळ्या जागेवर, आणतात आणि वाळल्यावर ठेकेदार ते पोत्यांत भरून नेतो. ठेकेदाराचा कागद वाचून दाखवायला मला बोलावलं होतं. आधी घरी दोनदा वाचून मी गावाला "ठीक आहे" असं कळवलंही होतं. फक्त सह्या, अंगठे बाकी होते.

पुढे बसलेल्या मानकोबाईंना अक्षरओळख नाही. दर कलमाला त्या समोर एक खडा मांडत होत्या. अकरावं कलम ऐकून त्यांनी तिसरा खडा उचलला.

"थांबा बाई. इथी तुमी वाचलं, फळीवर पुडा मोजला का तो ठेकेदाराचा. आता म्हणता, पोत्यात भरेपर्यंत भिजला तं नुकसान गावाचं. मोजलेला पुडा त्याचा, मंग भिजलेला आमचा काऊन?"

मागून एक जण हसला, "मानको, तुले तं सही बी येत नाई!"

"अंगठा तं माहाच लागते ना?"

सह्या थांबल्या. अकरावं कलम ठेकेदाराकडून बदलून घ्यायचं ठरलं.

पानं फळीवर आठवडाभर वाळतात आणि मे महिन्यात वादळी पाऊस येतोच, हे मलाही माहीत होतं. पण अकराव्या कलमापर्यंत तिसरं माझ्या डोक्यातून निघून गेलं होतं. भिजलेली पानं मानकोबाईंनी स्वतःच्या हातांनी उपसली आहेत. त्यांना विसरणं शक्यच नव्हतं.

भरभर वाचता येतं म्हणजे कळतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते का? तुमचं झालंय असं?

उद्या: दुरुस्त केलेला कागद मानकोबाईंना सावकाश वाचून दाखवणे.